निक्सी नळ्यांच्या घड्याळाचं किट: एक पावसाळा काढल्यानंतर

हे किट मी फेब्रुवारीत मागवलं, मार्चच्या मध्याला घड्याळ चालू झालं आणि आता सप्टेंबर संपत आलाय. मधे बेळगावचा पावसाळा येऊन गेला. पावसाळा निघाल्याशिवाय इथं कुठल्याच विजेच्या वस्तूबद्दल बरं-वाईट बोलू नये असं माझं मत आहे, म्हणून इतके दिवस थांबले.

वस्तू काय आहे ते आधी सांगते. निक्सी नळ्यांवर, म्हणजे आत नारिंगी आकडे पेटणाऱ्या जुन्या काचेच्या नळ्यांवर, तास, मिनिटं, सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचे सुटे भाग आहेत हे. सर्किट बोर्ड, त्यावरचे सगळे भाग, सहा नळ्यांचे सहा सॉकेट, ॲक्रिलिकची पेटी आणि १४ पानांचं इंग्रजी माहितीपत्रक. नळ्या किटात येत नाहीत. आयएन-१२ जातीच्या सहा नळ्या आपल्या आपण मिळवायच्या. किंमत कुरिअरसकट ५,२०० रुपये, १२ व्होल्टचा अडॅप्टर वेगळा. असली किटं बरेच जण विकतात आणि आतली मांडणी बहुतेकांची एकाच वळणाची असते. त्यामुळे विकणाऱ्याच्या नावापेक्षा किटात काय तपासून घ्यायचं हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

माझ्या नळ्या कुठून आल्या हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९८६ साली मी इथल्या एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये लागले. तिथं एक फ्रीक्वेन्सी काउंटर होता, म्हणजे सेकंदाला किती कंपनं होतात ते मोजणारं यंत्र, दोन माणसांनी उचलावा लागेल असा, पुढच्या काळ्या काचेआड आठ आकडे. ऑसिलेटर (कंपनं तयार करणारं यंत्र) जोडला की आकडे नारिंगी पेटायचे आणि दर सेकंदाला बदलायचे. बदलताना ते जागच्या जागी बदलत नसत. एक आकडा काचेजवळ, दुसरा खोल आत, तिसरा मधेच कुठंतरी. दिवेलागणीला लॅब बंद करताना मी सगळ्यात शेवटी त्याचं बटण खाली करायची. २०१७ मध्ये तो डेडस्टॉक रजिस्टरातून कमी झाला, लिलावात भंगारात गेला. ज्यानं घेतला त्याला मी दुसऱ्या दिवशी गाठलं आणि पुढचं पॅनल तेवढं ३०० रुपयांना मागून घेतलं. त्याला तांबं आणि ॲल्युमिनियम हवं होतं, काच नको होती.

आठ नळ्या. प्रत्येकीच्या पाठीवर उलटा एन, एच आणि १२. ही रशियन लिपी, वाचायचं 'आय-एन-बारा'. आमची लॅबमधली पोरं तिला 'उल्टा एन' म्हणायची. आठांपैकी एकीच्या काचेला बुडाशी तडा गेला होता, ती मेली. सात उरल्या. घड्याळाला सहा लागतात. म्हणजे माझ्याकडे जादा एकच.

आता हे एवढं आतड्यानं का सांगते? निक्सी नळीचं काम कसं चालतं ते पाहा. काचेच्या आत शून्य ते नऊ असे दहा आकडे पत्र्याचे कातरून एकामागे एक रचलेले असतात आणि पुढे बारीक जाळी. आत कमी दाबाचा निऑन वायू. जाळीला धन टोक आणि हव्या त्या आकड्याला ऋण टोक मिळालं की त्या आकड्याला लपेटून असलेला निऑन पेटतो. धातू तापून उजळत नाही, त्याला चिकटलेला वायू उजळतो. अमेरिकेच्या बरोज कंपनीनं १९५५ साली ह्या नळ्या बाजारात आणल्या, 'निक्सी' हे नाव त्यांचंच. सत्तरच्या दशकात एलईडी आले आणि तिकडे ह्या मागे पडल्या. सोव्हिएत कारखाने पुढेही बरीच वर्षं त्या बनवत राहिले, म्हणून आज हौशी लोकांच्या हातात येणारा माल बहुतेक रशियन लिपीतला असतो. तेही कारखाने थांबून तीस वर्षं उलटून गेली. चेक प्रजासत्ताकात दालिबोर फार्नी म्हणून एक गृहस्थ आहेत, त्यांनी हे काम नव्यानं शिकून हातानं नळ्या बनवायला घेतल्या. त्या देखण्या असतात, पण किमतीनं माझ्यासारखीच्या आवाक्याबाहेरच्या. बाकी जगात जो साठा आहे तो आहे. तुम्ही नवं घड्याळ करता तेव्हा त्या साठ्यातल्या सहा नळ्या कमी करता. म्हणून किट कसं आहे ह्याची माझी कसोटी एकच: ते नळीला कसं वागवतं?

पहिल्यांदा चांगलं सांगते, कारण चांगलं पुष्कळ आहे.

माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं स्वतः हात भाजून घेतलेले आहेत, हे दुसऱ्याच पानावर कळतं. त्यानं सगळे भाग एकदम लावायला सांगितलेले नाहीत. आधी फक्त उच्चदाबाचा भाग जोडा, म्हणजे १२ व्होल्टचे १८० करणारा. एमसी३४०६३ ही चिप, एक कॉइल, एक मॉस्फेट, वीज साठवणारा एक कपॅसिटर. मग मल्टिमीटर लावा, छोटा स्क्रू फिरवून १८० वर आणा, बंद करा, कपॅसिटर उतरू द्या, आणि मगच पुढचं पान उलटा. बोर्डावर तांदळाएवढा निऑनचा दिवा दिलाय. वीज काढल्यावरही तो थोडा वेळ पेटलेला राहतो. तो पेटलेला असेल तोवर बोर्डाला हात लावायचा नाही, असं ठळक अक्षरात छापलंय. दिवा विझल्यावरही कपॅसिटरात पन्नासेक व्होल्ट उरतात, तेवढं मात्र लक्षात ठेवा. लॅबमध्ये मी पोरांना सांगायची, दाबाच्या ठिकाणी मोजताना डावा हात पाठीमागे ठेवा, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून जाणार नाही. इथं मी स्वतः पदर खोचून, डावा हात पाठीला लावून मोजलं. १८० व्होल्टचा डीसी झटका हलका नसतो.

दुसरं, प्रत्येक नळीला आणि प्रत्येक चिपला सॉकेट आहे. काहीही थेट बोर्डाला डाख देऊन बसवलेलं नाही. उद्या एखादी नळी गेली तर बोटानं उचलून दुसरी बसवता येते. आयएन-१४ ह्या दुसऱ्या जातीच्या नळ्यांच्या किटांत बऱ्याचदा नळीच्या लांब तारा सरळ बोर्डात डाखलेल्या असतात. तशी नळी बदलायची म्हणजे एकेक करून डझनभर सांधे सोडवायचे, आणि तेवढ्यात काचेला तडा जायची भीती.

तिसरं, प्रत्येक नळीला तिची स्वतःची चालक चिप, म्हणजे कुठला आकडा पेटवायचा ते ठरवणारी. के१५५आयडी१ ही सोव्हिएत चिप खास निक्सीसाठीच केलेली, पाश्चात्त्य ७४१४१ ची जुळी. काही किटांत एकच चिप सहा नळ्यांना आळीपाळीनं पेटवते. त्यात पैसे वाचतात, पण प्रत्येक नळीला थोड्या वेळात जोराचा प्रवाह द्यावा लागतो. इथं सहा नळ्यांना सहा चिपा, नळ्या शांतपणे सलग पेटतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघितलं तरी आकडे लुकलुकत नाहीत.

माझ्या सहा चिपांतली एक खराब निघाली. मिनिटाच्या नळीत आठ आणि नऊ दोन्ही एकदम पेटायचे. मी विकणाऱ्याला रात्री साडेनऊला फोटो पाठवला, त्याचं उत्तर दहाच्या आत आलं, आणि सहाव्या दिवशी दुसरी चिप टपालानं आमच्या टिळकवाडीत पोचली. पैसे मागितले नाहीत. त्या चिपांचे पाय जुन्या साठ्यातले असल्यानं काळे पडलेले असतात. बसवायच्या आधी प्रत्येक पाय खोडरबरानं घासून घ्या, नाहीतर सॉकेट चांगलं असूनही टेकण कच्ची राहते.

आता दोष. पहिला दोष मोठा आहे आणि तो मीटर लावल्याशिवाय कुणाला दिसणार नाही.

निऑन एकदा पेटला की त्याला आवर राहत नाही. आयएन-१२ पेटायला १७० व्होल्टच्या आसपास लागतात, पण पेटल्यावर नळीवर साधारण १४० च उरतात. उरलेले ४० व्होल्ट कुणीतरी अडवायला हवेत, नाहीतर प्रवाह वाढत जाईल आणि नळी स्वतःला खाईल. ते काम जाळीच्या वाटेवरचा एक रेझिस्टर करतो. ह्या नळीला अडीच ते साडेतीन मिलिअँपिअर प्रवाह योग्य. किटात आलेले रेझिस्टर १० किलोओहमचे. मी पहिल्या संध्याकाळी त्यांच्यावरचा दाब मोजला: ४१ व्होल्ट. भागाकार तोंडीच होतो, ४.१ मिलिअँपिअर. मी तिथंच वीज काढली.

४.१ वर आकडे फार सुंदर दिसतात, हे कबूल करते. भरगच्च, तेजस्वी, फोटोत अंगावर येणारे. विकणाऱ्यानं १० चे रेझिस्टर का दिले ते ह्यातच आलं. चित्रात उठून दिसायला हवं. पण जास्त प्रवाह म्हणजे आयन (वायूचे वीजभारित कण) आकड्याच्या धातूवर जास्त जोरानं आदळणार, धातूचे कण उडणार, काचेवर आतून काळसर थर धरणार. नळीचं आयुष्य त्यातच जातं.

दुसऱ्या दिवशी खडे बाजारात गेले. तिथल्या एका गल्लीत रेडिओ-टीव्हीचे भाग विकणारं जुनं दुकान अजून आहे, दुकानदार अण्णा घरी कन्नड बोलतात, गिऱ्हाइकाशी जशी गिऱ्हाइकाची भाषा तशी. "पंधरा के, पाव वॅट, सहा द्या," म्हटलं. "सहाच काय मॅडम, दहा घ्या की, एक तुटला तर परत कुठं येताय," म्हणून त्यांनी कागदाच्या पुडीत दहा बांधून दिले. दोन रुपयाला एक. घरी येऊन बदलले. आता दाब ४० व्होल्ट, प्रवाह सुमारे २.७. आकडे जरा मवाळ झाले, पण कडा पूर्ण पेटतात, कुठं तुटत नाहीत. आमच्या हॉलमध्ये संध्याकाळी दिवा लावून बसलं तरी पलंगावरून वेळ वाचता येते. ह्याहून जास्त उजेड घड्याळाला कशाला हवा?

काढलेले १० चे रेझिस्टर मी टाकले नाहीत, आणि तेच पुढं कामाला आले.

आठ नळ्यांतल्या डावीकडच्या नळ्यांना तीस वर्षं जवळजवळ काही काम नव्हतं. आमचे प्रयोग हजार-दोन हजार हर्ट्झचे, आठ आकड्यांत पहिले चार कायम शून्य. अशा नळीत सतत शून्यच पेटतं, आणि त्याच्या धातूचे उडालेले कण शेजारच्या न पेटणाऱ्या आकड्यांवर जाऊन बसतात. मग ज्या दिवशी सात हवा असतो, त्या दिवशी सातावर जिथं जिथं तो थर आहे तिथं निऑन पेटत नाही. सात अर्धाच दिसतो. हौशी लोक ह्याला 'कॅथोड पॉयझनिंग' म्हणतात, म्हणजे ऋण टोकाला विषबाधा. मला त्यात विषापेक्षा बसून राहिलेल्या सांध्याचा आखडलेपणा दिसतो. माझ्या एका नळीचा सात वरच्या आडव्या रेघेपुरताच पेटायचा, दुसरीचा तीन मधेच तुटायचा.

ह्यावर उपाय आहे, तो धीराचा आहे. तोच अर्धा आकडा सलग पेटवत ठेवायचा, नेहमीपेक्षा जरा जास्त प्रवाहानं. तेच आयन जे एरवी धातू खातात, ते आता वरचा थर खरवडून काढतात. मी त्या दोन नळ्यांच्या जागी तेवढे १० चे रेझिस्टर तात्पुरते परत लावले. किटात चाचणीची सोय आहे: डावं बटण धरून वीज दिली की एकच आकडा पेटून राहतो. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की सात पेटवायचा, जेवणं होईपर्यंत ठेवायचा. पहिले चार दिवस काही नाही. पाचव्या दिवशी रेघ अर्धा इंच खाली उतरली. अकराव्या दिवशी सात पूर्ण झाला. तीनला त्याहून कमी लागले. मग १५ चे रेझिस्टर परत बसवले. लॅबमध्ये ज्या नळीनं माझ्यासमोर कधी सात दाखवला नव्हता, तिचा सात पहिल्यांदा पूर्ण पाहिला तेव्हा मी स्वयंपाकघरातून सुनेला हाक मारून बोलावलं.

हे पुन्हा होऊ नये म्हणून घड्याळात सगळे आकडे मधूनमधून फिरवावे लागतात, कारण तासाच्या पहिल्या नळीला जन्मभर ०, १ आणि २ एवढंच काम. किटात ती सोय आहे, पण येताना बंद ठेवलेली येते आणि सेटिंगच्या सातव्या घरात लपलेली आहे. माहितीपत्रकात त्यावर एक ओळ. हा दुसरा दोष. मी ती दर दहा मिनिटांनी दहा सेकंद अशी लावली. तेवढ्यात सहाही नळ्या ० ते ९ झरझर फिरतात. माझ्या पाच वर्षांच्या नातीला वाटतं घड्याळ व्यायाम करतं, आणि ते तिचं बरोबर आहे. तिनंच मला एकदा दाखवलं, "आज्जी, पाच नाहीच आहे, दोन डोक्यावर उभा आहे." आयएन-१२ मध्ये खरंच पाच म्हणून दोनचाच आकडा उलटा बसवलेला असतो. तीस वर्षं पोरांना दाखवत आले होते, हिला न सांगता दिसलं.

तिसरा दोष धोक्याचा आहे. वीज गेल्यावर वेळ धरून ठेवायला किटात डीएस३२३१ चं निळं तयार मॉड्यूल दिलंय. ती चिप उत्तम. पण ह्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची वाट ठेवलेली असते, म्हणजे एक डायोड आणि एक रेझिस्टर, पुन्हा भरता येणाऱ्या सेलसाठी. आणि किटात सोबत येतो सीआर२०३२ हा बटणासारखा सेल, जो कधीच चार्ज करायचा नसतो. तसा करत राहिलं तर तो फुगतो, फुटूही शकतो. माझ्या हाताशी भिंग होतं, मॉड्यूल उलटं करून बघितलं तेव्हा कळलं. डायोड उचकटून काढला, मिनिटाचं काम. विकणाऱ्याला हे लिहून कळवलं. त्यानं आभार मानले आणि नव्या मालाबरोबर तशी सूचना देतो म्हणाला.

चौथा लहान: पाच व्होल्ट करणारा ७८०५ उघडाच आहे. बारातले सात व्होल्ट तो उष्णतेत घालवतो, वॅटभर होते, हाताला चटका बसतो. माझा भाचा उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये आहे. त्याला सांगितल्यावर "मावशी, एवढ्याशाला काय," म्हणत त्यानं ॲल्युमिनियमच्या उरल्या तुकड्यातून उष्णता बाहेर टाकणारी पंख्यांची पट्टी (हीटसिंक) कापून, भोक पाडून आणून दिली. आता नुसतं कोमट लागतं. सगळं मिळून घड्याळ साडेपाच वॅट घेतं.

आणि पेटी. ॲक्रिलिकची पेटी मी वापरलीच नाही. बाजूनं उघडी आहे, बोट सहज आत जातं, आणि आत १८० व्होल्ट. घरात पाच वर्षांचं लेकरू असताना असं घड्याळ मांडणं मला शक्य नव्हतं. जुलैमध्ये खानापूर रस्त्याच्या सुतारमामांकडून फणसाच्या लाकडाची पेटी करून घेतली. आधी त्यांना नळी पेटवून दाखवली. बराच वेळ बघत राहिले. "अक्का, ह्यो दिवा हाय की निखारा?" मग स्वतःच म्हणाले, निखाऱ्याला वारा लागतो, मागं भोकं पाडतो. मागच्या फळीला दोन ओळी भोकं, वर बारीक जाळी ठोकलेली. फणसाचा पिवळेपणा आणि निऑनचा नारिंगी रंग एकमेकांत इतके मिसळतात की आता ॲक्रिलिकमधलं घड्याळ मला बघवत नाही. मजुरी आणि लाकूड मिळून १,१०० रुपये. किटाच्या किमतीत हे धरूनच चाला.

पावसाचं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पेटी यायच्या आधी, भिंतींना ओल आली तेव्हा सेकंदाच्या नळीत पेटलेल्या आकड्यामागे दुसराच पुसट आकडा दिसू लागला. आधी मला वाटलं चिप गेली. पण दुपारी जरा ऊन पडलं की तो नाहीसा व्हायचा, रात्री परत यायचा. मग लक्षात आलं, डाख देताना वितळलेला फ्लक्स, म्हणजे डाख नीट धरावा म्हणून लावायचा पदार्थ, मी बोर्डावर तसाच ठेवला होता. तो ओल धरतो, आणि १८० व्होल्टला तेवढी ओली वाट पुरते. बोर्ड काढला, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना दातांचा ब्रश घेऊन दोन्ही बाजू घासल्या, दिवसभर वाळवला. पुसट आकडा परत आला नाही, ऑगस्टच्या झडीतही नाही. माहितीपत्रकात बोर्ड धुवायची सूचना नाही. कोरड्या गावात राहणाऱ्या माणसाला ती सुचली नसेल, पण पश्चिम घाटाच्या अंगाला राहणाऱ्यांनी धुतल्याशिवाय बोर्ड पेटीत घालू नये.

वेळेबद्दल तक्रार नाही. पावसाळ्यात आमची वीज दिवसातून तीनदा गेली असे दिवस होते. दर वेळी परत आल्यावर घड्याळ बरोबर वेळेवर उभं. मोबाइलच्या वेळेशी ताडून बघते, मार्चपासून नऊ सेकंद पुढं आहे. डीएस३२३१ ला वर्षाला मिनिटभर इकडेतिकडे चालतं, त्या मानानं उत्तमच.

रात्री साडेदहाला उच्चदाब आपोआप बंद होतो, पहाटे साडेपाचला चालू. ही सोय मात्र किटानं ठळकपणे दिलीय, त्याबद्दल त्या माणसाला शाबासकी. रोजचे सात तास, वर्षाचे २,५५५ तास नळ्यांना विश्रांती. बंद असतानाही आत वेळ चालूच राहते. पहाटे चहा ठेवायला उठले की सहाही आकडे एकदम पेटतात. त्यांच्या कडांना थोडी निळसर झाक असते, ती नळीतल्या पाऱ्याची. धातू कमी उडावा म्हणून पारा मुद्दाम घातलेला असतो. नळी फुटली तर ती केरात टाकू नका, हातमोजे घालून तुकडे बंद बरणीत ठेवा. माझी तडकलेली आठवी तशीच बरणीत आहे. सातवी, चांगली असलेली, कापसात गुंडाळून कुंद्याच्या रिकाम्या डब्यात.

बाजारात निक्सीसारखी दिसणारी एलईडीची घड्याळंही मिळतात, ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवर आकडे कोरलेली. ज्यांना नुसता देखावा हवा त्यांनी ती खुशाल घ्यावीत, त्यात धोका नाही आणि एका जुन्या नळीचा जीवही जात नाही. ज्यांना डाख देण्याची सवय नाही त्यांनीही ह्या किटापासून सुरुवात करू नये. बाराच व्होल्टवर चालणारं काहीतरी आधी करा. पण ज्यांच्या हाताला काम माहीत आहे, घरात मल्टिमीटर आहे आणि कुठून तरी सहा नळ्या हाती आल्या आहेत, त्यांनी हे घ्यावं. एवढ्या किमतीत सॉकेट, वेगळ्या चिपा आणि टप्प्याटप्प्यानं चाचणी देणारं दुसरं किट मला दिसलं नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हेच किट निपाणीत मागवलं. त्याच्याकडे जाऊन आम्ही दोघांनी खोकं उघडलं. सीआर२०३२ बरोबर आता सूचनेची छापील चिठ्ठी होती, ७८०५ ला छोटा हीटसिंकही आला होता. रेझिस्टर मात्र अजून १० किलोओहमचेच. अण्णांनी दिलेल्या पुडीतले चार माझ्याकडे उरले होते, ते मी पर्समध्ये घालून नेले होते. दोन त्यानं निपाणीत घेतले.